चौथी रेघ

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाद नको. भुतंखेतं, करणी, अंगात येणं यांतलं काहीही मी कधी मानलं नाही. भायखळ्याच्या शाळेत मुली मधल्या सुट्टीत बाथरूममधल्या बाईच्या गोष्टी सांगायच्या, तेव्हा मी बाजूला बसून डबा संपवायचे. शूर होते म्हणून नव्हे... कंटाळा यायचा. आजही ईलिंगला एका ऑफिसात टायपिस्ट आहे आणि समोर असेल तेच टाइप करते, पदरचं काही घालत नाही.

पण आपल्या मराठी मंडळाच्या गेल्या अंकात एका सद्गृहस्थांनी लिहिलंय की असे अनुभव "कमी शिकलेल्या, कल्पनाप्रधान बायकांनाच" येतात. ते वाचल्यापासून डोक्यात तिडीक गेलीय. एरवी मी चारचौघांत तोंड उघडत नाही. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं. बाकी काही सांभाळून घ्यायची गरज नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. ("अय्या, तुमचं मराठी किती छान!" असं मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी मला म्हणतंच. घरी दुसरं काय बोलणार, रशियन?) आमच्या दाराच्या उजव्या चौकटीला खांद्याच्या उंचीवर एक छोटी नळी तिरपी ठोकलेली असते. तिला मेझुझा म्हणतात. आत शास्त्रवचन लिहिलेली गुंडाळी असते. येता-जाता तिला बोटं लावायची आणि बोटांचं चुंबन घ्यायचं. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडतं की हात आपोआप वर जातो. ऑफिसात, डेंटिस्टकडे, एकदा तर वूलवर्थ दुकानाच्या दारातसुद्धा माझा हात गेलाय. मग केस नीट करायचं नाटक करावं लागतं.

आमच्या ईलिंगच्या दारावरचा मेझुझा माझ्या आजोबांनी केला. ते मुंबईच्या गोदीत फिटर होते. पितळेच्या पाइपचे दोन तुकडे घेऊन त्यांनी दोन मेझुझा केले आणि दोन्हींवर 'शिन' हे हिब्रू अक्षर कोरलं. तीन उभ्या रेघा, खाली जोडलेल्या. एक आईकडे आला. दुसरा माझा मामा, शलोममामा, घेऊन गेला.

मामा १९३६ साली बोटीवर फिटर म्हणून गेला तो गेलाच. ऑस्ट्रेलियाच्या बंदरावरून दोन पत्रं आली, मग काही नाही. आईचा हा एकच भाऊ. माणूस गेला हे नक्की कळल्याशिवाय आमच्यात त्याच्यासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणता येत नाही, आणि कुठल्या दिवशी गेला हे कळल्याशिवाय दर वर्षीचा दिवा लावता येत नाही. आई छत्तीस वर्षं तशीच लटकत राहिली. ना भाऊ, ना दिवा. त्यात तिचं हृदय बिघडलं, तेव्हापासून एकच ध्यास — "माझे डोळे मिटायच्या आत मला तारीख कळू दे."

१९७२च्या फेब्रुवारीत माझा मोठा भाऊ, आयझॅकदादा, ऑस्ट्रेलियात डॉक्टर म्हणून एक वर्षाच्या नोकरीवर होता, वर्ष संपत आलं होतं. साउथ ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, जिथे रेल्वे लाइन आणि माश्या यांखेरीज काही नाही अशा एका गावात. गावाचं नाव देत नाही. माझी तब्येत जरा खालावली होती, म्हणून त्याने तिकीट पाठवलं. आई म्हणाली, "जा. आणि विचार तिथल्या लोकांना." एवढ्या मोठ्या देशात कुणाला विचारणार होते मी? पण "विचारते" म्हटलं.

गाव म्हणजे एकच रुंद रस्ता. पत्र्याच्या छपरांची घरं, एक दुकान, सहा खाटांचं हॉस्पिटल आणि लाकडी व्हरांड्याचं एक हॉटेल. लाल धूळ दातांतसुद्धा. दादाला हॉस्पिटलच्या आवारात एकच खोली होती, म्हणून माझी सोय चार दिवस हॉटेलात केली. मालकीण मिसेस डॉड. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठून आलीस, लव?"

"ईलिंग. लंडनजवळ."

"ते नव्हे. त्याच्या आधी?"

"हीथ्रो," मी म्हटलं. मी घाबरट असले तरी तेवढं सुचतं मला.

तिने मागच्या बाजूची शेवटची खोली दिली. भर दुपार होती, तीन वाजले असतील. डाव्या हातात सूटकेस. दार ढकललं, आणि नेहमीसारखा उजवा हात वर गेला. बोटांना पितळ लागलं. थंडगार. बाहेर अंडं फुटून तळलं जाईल असं ऊन होतं आणि ते पितळ थंडगार! बोटं ओठांना लावली, आत गेले, सूटकेस पलंगावर ठेवली... आणि मग लक्षात आलं. इथे? मेझुझा?

परत येऊन पाहिलं. चौकटीवर पिवळसर रंगाचा जाड, गुळगुळीत थर. बाकी काही नाही.

प्रवासाचा शीण, म्हटलं मी. हो, ते मीच म्हटलं, मला कुणी शिकवायला नको. मुद्दाम हात लावून पाहिला, दहा वेळा. नुसतं लाकूड. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल सांभाळत, दादाला काय निरोप द्यायचा याचा विचार करत आत शिरले आणि पुन्हा बोटांखाली तेच. या वेळी मी हात काढला नाही. तिकडे बघितलंही नाही, समोरच्या खिडकीकडे बघत राहिले. बोटाच्या टोकाने अक्षर चाचपलं. तीन रेघा, अगदी आमच्या दारावरच्यासारख्या. आणि त्यांच्या शेजारी चौथी. आखूड, वाकडी, खालून वर गेलेली. आमच्या मेझुझावर चौथी रेघ नाही. कुठल्याच मेझुझावर नसते, कारण त्या अक्षराला तीनच असतात.

मान वळवली. पिवळसर रंग. बोटाखाली लाकूड.

दुपारी दादाला सांगितलं. तो हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सँडविच खात होता.

"उंदीरबाई, पाणी किती प्यायलीस आज?"

"दादा, मी चेष्टा करत नाहीये."

"मीपण नाही. जीभ दाखव."

दाखवली मी जीभ! अजून त्याचा राग येतो मला. चोवीस वर्षांची बाई मी, आणि व्हरांड्यात जीभ बाहेर काढून उभी. "ऊन लागलंय तुला," म्हणत त्याने मिठाच्या गोळ्या दिल्या आणि टोपी घालायला सांगितलं.

त्या रागात मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सरळ बारमध्ये गेले, सगळे पुरुष बघत असताना, आणि मिसेस डॉडला विचारलं, "माझ्या खोलीत पूर्वी कोण राहायचं?"

"का, उंदीर आहेत?"

"कोण राहायचं?"

ती ग्लास पुसायची थांबली. "सॉल. अफगाण. पंप दुरुस्त करायचा. वीसएक वर्षं होता. त्याच खोलीत गेला बिचारा. कुणी सांगितलं तुला?"

"त्याच्या दाराला काही लावलेलं होतं?"

"हां, पाइपचा तुकडा. काय वेड होतं देव जाणे, आत-बाहेर करताना त्याला हात लावायचा. तो गेल्यावर माझ्या नवऱ्याने उपटून कचऱ्यात टाकला आणि रंग मारला. भोकं बुजवायला पुट्टी किती लागली!"

कचऱ्यात. आणि सॉल म्हणजे शलोम तर नव्हे? बारमधला एकजण म्हणाला, "चांगला माणूस होता सॉल. डुकराचं मांस खायचा नाही, म्हणून अफगाण." बाकीच्यांनी माना डोलावल्या. वीस वर्षं! वीस वर्षं त्यांचे पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला एकानेही विचारलं नाही की बाबा, तू नक्की कोण?

दादाला ओढतच कौन्सिलच्या ऑफिसात नेलं. डॉक्टर म्हणून त्याला दफनाचं रजिस्टर दाखवलं. 'सॉल. अफगाण. वय अंदाजे पन्नास.' आणि तारीख. १९५९च्या ऑगस्टमधली, स्वच्छ अक्षरात. तिथून आम्ही कबरस्तानात गेलो. मुख्य कुंपणाच्या बाहेर, पूर्वी उंट हाकायला आणलेल्या अफगाणांच्या ओळीत शेवटी एक पत्र्याची पाटी. त्यावर तेच दोन शब्द. आम्ही दोघांनी एकेक दगड उचलून कबरीवर ठेवला. दादानेही ठेवला, हे मुद्दाम लिहिते.

पण परत फिरताना तो म्हणाला, "आईला यातलं एक अक्षर सांगायचं नाही."

"का?"

"सॉल म्हणजे सुलेमान असेल. खरंच अफगाण असेल."

"आणि दारावरची नळी?"

"पाइपचा तुकडा होता, असं त्या बाई म्हणाल्या. मेझुझा तू म्हणतेस. तिचं हृदय कसं आहे ठाऊक आहे ना? तुझ्या बोटांच्या भरवशावर तिच्या भावाला मारणार तू?"

हे वाक्य मात्र मला लागलं. ते खोटं नव्हतं. विमानात चोवीस तास तेच घोळत होतं. नाही सांगितलं तर आई तशीच लटकत राहणार. सांगितलं आणि तो मामा नसलाच, तर परक्या माणसासाठी दिवा लागणार आणि खरा भाऊ कुठेतरी जिवंत असताना त्याचं कद्दिश म्हटलं जाणार. मग ठरवलं, मामाचं नावच काढायचं नाही. फक्त ते अक्षर विचारायचं.

ईलिंगला पोचले त्याच संध्याकाळी आई स्वयंपाकघरात होती. मी पाकिटाच्या मागे पेन्सिलने ते अक्षर काढलं. तीन रेघा, शेजारी वाकडी चौथी.

"आई, हे काय असेल गं?"

तिने चष्मा लावला. पाहिलं. गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसली.

"हे तुला कुणी दाखवलं?"

"तू आधी सांग."

"ही चौथी मी काढली," आई म्हणाली. "सात वर्षांची होते. बाबांनी दोन्ही नळ्या टेबलावर ठेवल्या होत्या, मला वाटलं अजून एक रेघ काढली तर छान दिसेल. खिळ्याने काढली. बाबा आले, विचारलं कुणी केलं. शलोम म्हणाला, मी. पट्ट्याने मारलं त्याला. मार खाताना माझ्याकडे बघून डोळा मारला मेल्याने." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जाताना तोच काढून घेतला चौकटीवरून. म्हणाला, याच्यासाठी मी मार खाल्लाय, हा माझा. हे मी तुझ्या बाबांनासुद्धा कधी सांगितलं नाही गं. लाज वाटायची."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, तारखेसकट. तिच्या हृदयाला काही झालं नाही. ती रडली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "बारा वर्षं होऊन गेली म्हणजे. वातींसाठी कापूस आहे का बघ."

मी दादाला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "लहानपणी कधीतरी तू ते ऐकलं असशील आणि विसरली असशील. असं होतं." जे कुणी कुणाला कधी सांगितलंच नाही, ते मी ऐकलं! तो एमआरसीपी आहे, म्हणजे मोठ्या पदवीचा डॉक्टर. आई म्हणते, "अक्कल परमेश्वर देईल तेव्हा."

त्या गावच्या कौन्सिललाही पत्र टाकलं की पाटीवरचं नाव बदला, हा माणूस अफगाण नव्हता. शलोम त्याचं नाव, मुंबई त्याचं गाव. त्यांचं उत्तर मी जपून ठेवलंय. कागदोपत्री पुरावा सादर करावा म्हणे. पुरावा होता की, तुमच्याच दाराला ठोकलेला! तुम्हीच उपटून फेकला. पाटी अजून तशीच आहे.

आणि सगळ्यात मोठा अन्याय ऐका. आमच्यात कद्दिश घरातल्या पुरुषाने म्हणायचं, आणि बाबा गेल्यावर आमच्या घरात पुरुष एकच, दादा. म्हणजे जिच्या बोटांना कळलं तिने गप्प बसायचं, आणि ज्याने जीभ बघितली त्याने प्रार्थना म्हणायची. त्यानंतरच्या पहिल्याच ऑगस्टमध्ये दादाने साफ नकार दिला. तोवर तो लीड्सच्या हॉस्पिटलात आला होता. "मला पटत नाही ते मी देवासमोर म्हणणार नाही." आईने एकटीने दिवा लावला. मागच्या वर्षी आई आजारी पडली, तेव्हा तो आला. "आईसाठी," असं मला दोनदा बजावून सिनेगॉगमध्ये गेला आणि मामाच्या नावाने कद्दिश म्हणून आला.

संध्याकाळचे सात. अजून स्वच्छ उजेड होता. मी आतून दार उघडलं. दादा पावसाच्या थेंबांना शिव्या देत, छत्री मिटत आत शिरला, आणि सवयीने हात मेझुझाकडे गेला. बोटं तिथेच थांबली. त्याने मान वळवून चौकटीकडे पाहिलं. मग पुन्हा बोट फिरवलं, सावकाश. मग आणखी एकदा. ओठ हलत होते. मोजत होता.

"काय रे?" मी विचारलं.

"काही नाही."

"दादा, किती आहेत?"

"तीन," तो म्हणाला. "तीनच आहेत." आणि छत्री अर्धवट मिटलेली तशीच टाकून आत गेला, आईच्या पलंगाशी जाऊन बसला.

त्या दिवसापासून त्याने 'ऊन' हा शब्द काढलेला नाही. त्याच्या बोटांना काय लागलं ते विचारलं की पेपर डोळ्यांसमोर धरतो. मला याचा अर्थ लावता आलेला नाही, आणि त्याला लागला असेल तर तो सांगत नाही. यंदाच्या ऑगस्टसाठी मात्र त्याने आत्ताच, मार्चमध्ये, रजा टाकली आहे. कारण म्हणून हॉस्पिटलात काय लिहून दिलंस विचारलं, तर म्हणाला, "मामाचा दिवस."