फळी वाकवताना

चौथीनंतर शाळा सुटली आणि मी घाट उतरून मुरुडला, शिडाची गलबतं बांधणाऱ्या एका मिस्त्रींकडे कामाला लागलो. तिथली बोली मला नीट कळत नसे, त्यामुळे दिवसभर माणसांत असूनही मी एकटाच असे. फळी वाकवताना मात्र सगळेच गप्प बसत. तेवढा वेळ मला परकं वाटत नसे.

ओली फळी जाळावर शेकायची, टोकावर एकेक दगड ठेवायचा आणि कान द्यायचा. दगड लवकर उतरवले तर फळी पुन्हा सरळ होई. ती कुरकुरली की मात्र हात थांबवायचा.

एकदा ती कुरकुरली, तरी मी आणखी एक दगड ठेवला. सागाची ती लांब फळी कडाडून मोडली. आता आपल्याला घरी धाडणार, याची मला खात्रीच झाली.

"आयकू न्हाय आलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"आलं. पण काम हळू होतंय म्हणून तुम्ही काढून टाकाल, असं वाटलं."

"तुझी भीती लाकडाला काय ठावं?"

बाकीचे हसले. मिस्त्रींनी दुसरी फळी जाळावर घेतली आणि दगड माझ्याच हातात दिले. ती कुरकुरताच मी थांबलो. दुपारी दगड उतरवले, तरी तिचा बाक तसाच राहिला. मिस्त्रींनी तिच्यावरून हात फिरवला.

"उद्या लवकर ये," ते म्हणाले.

त्यांचे ते उपकार मी विसरलो नाही.