बोट पुढं कर

"बोट पुढं कर."

मतदानाच्या दिवशी सकाळी वहिनी एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्याकडं भांडी घासत होते. हाताला फेस. मला वाटलं, फुटका ग्लास लागला का बघत असतील. पदराला हात पुसला आणि डावा हात पुढं केला. त्यांनी मनगट धरलं. मागं अण्णा, त्यांचे यजमान. वॉर्डातले पुढारी. त्यांच्याकडं छोटी बाटली होती आणि काडी. त्यांनी माझ्या नखावरनं खालपर्यंत काळी रेघ ओढली.

"झालं तुझं मतदान," अण्णा म्हणाले. "आता उन्हात उभं राहायची गरज न्हाई."

वहिनी हसल्या. हळदीकुंकवाला हसतात तशा.

मग शाहीनआपा. त्या चपात्या करायच्या. माझ्या आईच्या वयाच्या. "मेरेकू जाना है, अण्णा," त्या एवढंच बोलल्या. अण्णांनी त्यांचं पिठाचं बोट ओढून तिथंच, परातीवर, शाई लावली. एक थेंब कणकेत पडला.

"ती कणीक फेक," वहिनी म्हणाल्या. "आणि हात धू दोनदा. आम्हाला खायचंय."

आम्ही दोघी लातुरातल्याच, रुळापलीकडच्या वस्तीतल्या. अर्धी घरं आमची बौद्धांची, अर्धी शाहीनआपांच्या लोकांची. आमच्या वस्तीत कुठलं बटण दाबलं जातं हे अण्णांच्या कॉलनीतल्या पोरासोरांनाही ठाऊक. अण्णा दर वेळी हात जोडून यायचे, दर वेळी आकडा तोच निघायचा. मग त्यांनी हात जोडायचं सोडलं. आमचं मत त्यांना मिळत नव्हतं. ते पडू द्यायचं नाही, एवढं त्यांच्या हातात होतं. घरोघरच्या भांडीवाल्या, धुणंवाल्या आमच्याच वस्तीतल्या.

मी दुपारी मतदानाला शाळेत गेलेच. कॉलनीचं आणि आमचं केंद्र एकच. शाहीनआपा म्हणाल्या, "जाऊ नको गं, काम जाईल." त्या आल्या नाहीत.

माझा नंबर आला. टेबलामागच्या माणसानं बोट बघितलं.

"तुमचं झालंय की."

"न्हाई झालं. ही शाई अण्णांनी घरात लावलीय."

अण्णांचा माणूस आत पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. तो खोखो हसला. "अण्णा हिच्या बोटाला हात लावतील व्हय? भांडीवाली हाय ती."

अख्खी रांग हसली. मागनं कॉलनीतला एक म्हातारा बोलला, "एकदा देऊन मन भरंना का गं?" पोलिसानं दंडाला धरून बाहेर काढलं. "बोगस मतदान करतीस? आत टाकू का?" फाटकाशी माझ्याच गल्लीतल्या बाया उभ्या होत्या. त्याही माझ्याकडं चोराकडं बघावं तशा बघत होत्या.

संध्याकाळी कामावर गेले. पोट होतं.

वहिनींच्या मैत्रिणी आल्या होत्या. टीव्हीवर कुठं किती मतदान झालं ते चाललं होतं. अण्णा सोफ्यावरनं म्हणाले, "ह्या झोपडपट्टीवाल्यांना लोकशाहीची किंमतच न्हाई. सुट्टी दिली तर घरी लोळतात."

मी चहाचा ट्रे धरून उभी.

वहिनींनी माझ्याकडं मोबाईल दिला. "आमचा फोटो काढ गं. बोटं नीट येऊ दे."

चौघींनी शाईची बोटं वर केली. मी ट्रे टेबलावर ठेवून मोबाईल धरला. काचेवर त्यांची चार बोटं, आणि काचेच्या कडेला माझं.

माझ्यात काहीतरी तुटलं. आवाज झाला नाही, पण तुटलं.

मी मोबाईल ट्रेमध्ये ठेवला. हात वर केला. "माझंबी बोट फोटोत येऊ द्या की, वहिनी. आणि कुणी रंगवलं तेबी सांगा तुमच्या मैत्रिणींला."

चौघींची बोटं खाली आली.

"माजलीस," अण्णा म्हणाले.

"व्हय. माजले."

काम गेलं. दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या त्या ओळीतल्या सगळ्या घरांची दारं मला बंद झाली. दोन महिने माझी लेकरं शेजारच्यांच्या भाकरीवर जगली.

पुढं महापालिकेची निवडणूक आली. मी गल्लीत घरोघर गेले. सांगत सुटले, मतदानाच्या दिवशी आधी केंद्र, मग काम. बोट कुणाच्या घरात पुढं करायचं नाही. काहींनी तोंडावर दार लावलं. "तुझ्यापायी आमची चूल विझंल," म्हणाल्या. खरं होतं ते.

तरी त्या सकाळी शाळेचं फाटक उघडायच्या आधी आमच्या बाया रांगेत होत्या. शाहीनआपा सगळ्यांत पुढं. त्याच दिवशी त्यांचंही काम गेलं.

निवडून अण्णांचाच माणूस आला. मिरवणूक मुद्दाम आमच्या गल्लीतनं काढली. डीजे माझ्या दारात थांबवला. शाहीनआपांच्या वाळत घातलेल्या दुपट्ट्यावर गुलाल ओतला. त्यांनी तो झटकला आणि पुन्हा दोरीवर टाकला.

आमची वस्ती कुणाची, हे त्यांना कळतं. कळू दे. पुढच्या निवडणुकीला ज्यांनी दार लावलं त्यांची कडी मी आधी वाजवणार. उघडलं नाही तर उंबऱ्यावर बसणार. शिव्या देतील, ऐकून घेणार. एकीलाही घरी राहू देणार नाही.