मागची चिठ्ठी

आमच्या इंग्लंडातल्या, बेसिंगस्टोकच्या घरी एकाच आठवड्यात दोन पाकिटं आली, एक रियाधहून आणि एक दुबईहून. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. माझे यजमान भूल देणारे डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलांत त्यांची चौदा वर्षं गेली होती. काम कन्सल्टंटचं, म्हणजे सर्वांत वरच्या डॉक्टरचं, आणि हुद्दा त्याखालचा, असा सगळा प्रकार. कन्सल्टंटच्या जागेसाठी त्यांनी किती इंटरव्ह्यू दिले ते लक्षात ठेवायचं मी सोडून दिलं होतं. दर वेळी छान सुबक पत्र यायचं, त्यात पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा असायच्या.

रियाधची जागा कन्सल्टंटची होती. मोठं घर, गाडी, वर्षातून विमानाची तिकिटं. दुबईची जागा एक पायरी खालची, फ्लॅट लहान. पण आमची मुलगी तेरा वर्षांची होती आणि रियाधच्या इंग्रजी शाळा चौदाव्या वर्षी संपत. पुढे मुलांनी इंग्लंडात बोर्डिंगला राहायचं, फी हॉस्पिटल भरेल, असं पत्रात मोठ्या उदारपणे लिहिलं होतं. दुबईला शाळेची अडचण नव्हती. म्हणजे रियाध घेतलं तर ह्यांना हुद्दा मिळणार आणि दुबई घेतलं तर मुलगी घरात राहणार, इतका सरळ हिशेब. तो आम्हा दोघांना पहिल्याच संध्याकाळी कळला होता. तरी पुढचे पाच आठवडे आम्ही उन्हाळा, पिण्याचं पाणी आणि डाव्या बाजूचं स्टिअरिंग यांवर बोलत राहिलो.

मला दुबई हवी होती. मी ते म्हणाले नाही. ह्यांनी विचारलं की म्हणायची, "अहो, तुम्ही ठरवाल तसं." यात पतिभक्ती वगैरे काही नव्हती. नको त्या गोष्टीचा दोष आपल्या माथी येऊ नये, एवढीच हुशारी होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला माहेरपासूनच आहे.

स्टॅनमोरला ह्यांचे एक मित्र होते, तेही डॉक्टर. एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. त्या घरातल्या कोणी कधी आखातात पाऊल ठेवलेलं नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकायला सगळे तयार.

"अरे, टायटल इज टायटल," मित्र म्हणाले. "मुली बोर्डिंगला स्मार्ट होतात. यू शुड जंप ॲट इट."

"रियाधला देव न्यायचे नाहीत म्हणे," त्यांची बायको मला वाढता वाढता म्हणाली. "एअरपोर्टला बॅगा उघडतात. दुबईला निदान देऊळ तरी आहे गं."

मुलगी तिथेच बसून श्रीखंड खात होती. तिच्यासमोर हे सगळं मराठीत चाललं होतं. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलायची, आणि मूल इंग्रजीत उत्तर देतं म्हणजे त्याला मराठी कळत नाही, असा आम्हा सगळ्या मंडळींचा ठाम समज होता. 'जेवायला ये' आणि 'पसारा आवर' यापलीकडे तिच्या डोक्यात काही शिरत नसेल असं आम्ही धरून चाललो होतो. सुशिक्षित माणसंसुद्धा किती ठोंब असू शकतात!

परतताना ती गाडीत मागे बसली होती, कानांवर वॉकमन.  हे एकदम म्हणाले, "पन्नाशी आली. मी ट्रेन केलेली पोरं आता माझ्या ड्यूट्यांचा रोटा लावतात. एकदा, फक्त एकदा, दारावर माझं नाव आणि खाली कन्सल्टंट एवढं बघायचं आहे गं मला." त्यांनी एका हाताने डोळे पुसले. मला त्यांची फार दया आली आणि त्याच क्षणी रागही आला, कारण आता 'दुबई' म्हणणं आणखी अवघड होऊन बसलं. 

चिठ्ठ्या टाकायची कल्पना ह्यांचीच. देवाला कधी हात न जोडणारा माणूस, पण म्हणाले, "आपल्याकडे करतात तसं करू. देवापुढे दोन चिठ्ठ्या. कुमारिकेने उचलायची." घरात कुमारिका एकच होती. जिच्या जन्माचा प्रश्न, तिच्याच हातून तो सोडवून घ्यायचा आणि वर देवाचं नाव सांगायचं, यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

आमचे देव वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात असत. टॉवेल खालच्या फळीवर, देव वरच्या. इंग्लंडात घर घेतलं तेव्हा तीच एक उबदार, कुणाचा पाय न लागणारी जागा सापडली होती. शनिवारी सकाळी ह्यांनी चिठ्ठ्या लिहून, सारख्या घड्या घालून माझ्या हातात दिल्या आणि ते दाढी करायला गेले. मी कपाटापाशी एकटी होते. दोन्ही उलगडून बघितल्या. दुबईची चिठ्ठी अगदी पुढे, फळीच्या काठावर ठेवली आणि रियाधची मागे, अन्नपूर्णेच्या पाठीशी. मूल हाताला लागेल ते उचलणार, असा माझा हिशेब.

मुलीला हाक मारली. तिची खोली समोरच होती, दार थोडं उघडं होतं. नाइटड्रेसमध्येच ती आली. "पिक वन," हे म्हणाले. तिने पुढच्या चिठ्ठीकडे बघितलं, हात तिच्यावरून पलीकडे नेला, अन्नपूर्णेमागची चिठ्ठी उचलली आणि बाबांच्या हातात दिली.

ह्यांनी ती वाचली आणि मुलीला मिठी मारली.  मी लबाडी केली होती आणि देवाने ती माझ्यावरच उलटवली होती, असं मला स्वच्छ दिसलं. नाहीतर मी भांडले असते. नक्की भांडले असते. त्या शरमेने माझं तोंड शिवलं गेलं.

मग देव स्टॅनमोरला ठेवले, मुलगी डॉर्सेटच्या बोर्डिंगला, आणि आम्ही दोघं रियाधला. चार वर्षं. हे तिथे सुखी होते, ते मी नाकारणार नाही. दारावर पितळी पाटी होती. मुलगी सुट्टीत यायची, दर वेळी थोडी अधिक नीटनेटकी, थोडी अधिक पाहुणी. पुन्हा निघायच्या आदल्या दिवशी आपली चादर स्वतःच घडी करून ठेवायची. त्या चादरीकडे बघून मी काही वेळा मोठ्याने रडले आहे, आणि त्याबद्दल देवाशी अबोलाही धरला आहे.

नव्वदच्या दशकात तिने हाउन्सलोला, विमानतळाजवळ, फ्लॅट घेतला. आम्ही केव्हाच परत आलो होतो. मी तिला रंगकामात मदत करायला गेले आणि बरोबर अन्नपूर्णा नेली. आमच्याकडे मुलीला लग्नात देतात, पण ती काही लग्नाच्या बेतात दिसत नव्हती. डोक्यावरून विमानं जात होती. तिने मूर्ती हातात घेतली, टाकीच्या कपाटात टॉवेलांच्या वर ठेवली आणि म्हणाली, "हिच्या मागे होता ना, रियाध?"

मी ब्रश खाली ठेवला. "तुला काय माहीत?"

"आई, माझा दार ओपन होता. तू दोन्ही वाचले, मग एक पुढे ठेवलास. तुला दुबई पाहिजे होता, म्हणजे पुढचा दुबई. म्हणून मी मागचा घेतला."

"पण का?"

"कारमध्ये बाबा रडत होते. वॉकमनची बॅटरी डेड होती." तिने खांदे उडवले. "मला सगळा कळत होता. ऑल्वेज."

दहा वर्षं मी ज्याला देवाचा न्याय समजत होते, तो तेरा वर्षांच्या पोरीने केला होता, स्वतःच्या विरुद्ध.  मी विचारलं, "आणि आम्ही तुला सरळ विचारलं असतं तर?"

"तर मी दुबई म्हटली असती," ती म्हणाली. "बाबांना सांगू नको हं." आणि खिडकीची चौकट रंगवायला गेली.

ह्यांना मी सांगितलेलं नाही. ती पितळी पाटी आमच्या गॅरेजमध्ये आहे, आणि दर दिवाळीला मीच ती घासते.