तणसाची भिंत हिरवी झाली

लग्नानंतर आम्ही दोघं सासरच्या भरल्या घरात एका कोपऱ्यात राहत होतो. आमचं गाव आलापल्लीच्या वाटेवर, तळ्याकाठी. त्या साली धान झकास पिकलं, खळ्यावर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, डोंगर उभा राहिला, आणि हे म्हणाले, "यंदा आपलं घर बांधू." हातातलं सूप कुठे ठेवू, मला कळेना.

तळ्याची चिकण माती बैलगाडीनं आणली. तिच्यात तणस पसरलं, पाणी सोडलं, आणि आम्ही बाया लुगडी खोचून तुडवायला उतरलो. चिखल गारठलेला, पण हसून हसून अंग तापलं. सासूबाईंनी एक गोळा उचलून ओढून पाहिला. तणसानं माती घट्ट धरली होती. आता भेगा पडायच्या नाहीत, असं त्यांनी सांगितलं. एक थर वाळला की त्यावर दुसरा चढायचा. शेतावरून परतताना मी आधी भिंतीशी जाऊन उभी राहायची. कमरेला लागली, मग खांद्याला!

तेवढ्यात भरदुपारी अवकाळी पाऊस आला. हे खळ्यावरून धावत सुटले, त्यांच्यामागे मी. ओली माती विरघळून जाईल ही धास्ती होती. पण शेजारपाजारचे सगळे तणसाचे भारे घेऊन आले. भिंतीवर ते उतरते रचले, तशी पाण्याची धार बाहेरच्या बाहेर गळू लागली. भिंत वाचली.

उघाड पडल्यावर काही दिवसांनी भारे काढले, तर भिंत हिरवीगार! तणसात अडकून राहिलेल्या दाण्यांना कोंब फुटले होते. बोटभर रोपं आडवी निघून वर वळली होती. मी धावत सासूबाईंना बोलावलं. त्या उपटायला सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी रोपांवरून हळूच हात फिरवला.

"राहू दे पोरी. तुयं घर उगून राह्यलं."

गावभर बातमी झाली. बाया बघायला आल्या, आणि मागोमाग शेळ्याही. मागच्या पायांवर उभ्या राहून त्या आमचं घर खात होत्या! हे काठी घेऊन धावले, पण हसू आवरेना म्हणून तिथेच खाली बसले.

उरलेली रोपं उन्हानं वाळली. मग भिंती शेणामातीनं लिंपल्या, बांबूचं छप्पर गवतानं शाकारलं आणि होळीच्या आत राहायला गेलो. वैशाखात बाहेर पाय भाजायचे, आत मात्र माठासारखा गारवा. पुढच्या साली गावात आणखी तिघांनी घरासाठी तणस तुडवलं. पहिला पाय घालायला त्यांनी मलाच बोलावलं.