धाकटीपेक्षा चार बोटं उंच

"सासरच्या तमाम मंडळींस जाहीर कळविण्यात येते की, या घरातली चूल आजवर जमिनीवर बसून होती, ती आता उठणार. यापुढं सैपाक उभ्यानं होईल. यात बदल संभवत नाही."

उलथनं उंचावून मी ही घोषणा केली, तेव्हा तमाम मंडळी म्हणजे आमचे हे एकटेच ताटावर होते. ते म्हणाले, "बरं. मीठ दे."

घराचं काम काढायचं, असं आम्ही दिवाळीपासून बोलत होतो. गळकं माळवद उतरवून पत्रे टाकायचे, न्हाणीला दार बसवायचं, अशी शहाणी कामं यांच्या मनात होती. माझ्याही मनात तीच होती. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला धाकट्या जावेकडं जाईपर्यंत.

धाकटा दीर कचेरीत नोकरीला, अंगानं ताडमाड. त्यानं परभणीतच, स्टेशनापलीकडं, नवं घर बांधलं होतं. जाऊ माझ्याएवढीच, म्हणजे बुटकीच, पण त्या घरात ती मला वीतभर उंच वाटली. आणि आत तो ओटा! काळ्या कडप्प्याचा, इतका गुळगुळीत की वाकून बघणारीला आपलं कुंकू त्यात दिसावं. वर गॅसची शेगडी. बायका नुसत्या 'अगं बाई' करत होत्या. जाऊ पदर सावरत म्हणाली, "काही न्हाई वं, साधाच हाय."

साधाच! माझ्या पोटात असा जाळ उठला की त्यावर दोन भाकरी शेकल्या असत्या, गॅस लागला नसता.

पाणी प्यायच्या निमित्तानं मी परत आत गेले आणि पदराआडून विती टाकत ओटा मोजला. माझे ओठ हलताना बघून दारातल्या एका म्हातारीला वाटलं, मी स्तोत्र म्हणतेय. तिनं हात जोडले. मीही जोडले. काठ माझ्या बरगडीला लागत होता. उंच लोकांचं सगळं उंचच, म्हणून मी आणखी जळले. ओट्याखाली एक जुना लाकडी पाट पडला होता. तेवढं बघून मात्र जरा गार वाटलं. एवढा थाट केला, पण जुनाट पाट काही टाकवला नाही बाईला!

दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. त्यानं विचारलं, "किती उंच धरू, ताई?"

"धाकटीचा जेवढा हाय त्यापेक्षा चार बोटं वर." आणि विती टाकून मी भिंतीवर खूण करून दिली.

हे कोपऱ्यातून म्हणाले, "अगं, ओटा बांधायलीस का बुरूज? आन् माळवदाचं काय?"

"माळवद पावसाळ्यापुरतं गळतंय. भाकरी रोज लागती."

यावर ते उठून विटांची चौकशी करायला गेले. माझ्या वकिलीपुढं ते नेहमीच हरतात.

रथसप्तमीच्या आत माझं हळदी-कुंकू होतं. तोवर पक्कं बांधकाम होणं शक्य नव्हतं आणि जावेला दाखवल्याशिवाय मला घास गोड लागणार नव्हता. मग मीच तोड काढली. सिमेंट नको, काही नको. नुसत्या विटा रचायच्या, वर शहाबादी फरशी ठेवायची. अंदाज म्हणून. जावेनं आत यावं, मी उभ्यानं भाकरी थापत असावी आणि मागं वळूनही न बघता म्हणावं, "काही न्हाई वं, साधाच हाय." हे वाक्य मी न्हाणीत चारदा म्हणून पाहिलं. आवाज छान लागत होता.

हळदी-कुंकवाच्या दुपारी विटा रचून झाल्या, फरशी बसली, स्टोव्ह वर चढला. मी परात ठेवली आणि पहिल्यांदाच त्या ओट्याशी उभी राहिले.

परातीचा काठ गळ्याशी आला. भाकरीवर जोर पडेना म्हणून टाचा उचलल्या, तर तोलच जायला लागला! एक हात फरशीला, एक भाकरीला. थापटीसरशी पीठ उडून नाकात गेलं. तव्यात काय चाललंय ते दिसतच नव्हतं. भाकरी करपली हे वासावरून कळलं.

नेमकी तेव्हाच जाऊ आली. मदतीला म्हणून बायकांच्या आधी आली होती. कडक इस्त्रीची साडी, केसात अबोली. मी पाठमोरीच राहिले, मान ताठ केली, वाक्यासाठी तोंड उघडलं आणि सणसणीत शिंकले.

जाऊ पुढं आली. तिनं ओटा पाहिला. माझ्या उचललेल्या टाचा पाहिल्या. पिठानं माखलेलं तोंड पाहिलं. आता ही हसणार आणि सासरभर सांगत सुटणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. तर तिच्या तोंडून निघालं,

"अवं अक्का, पायाखाली पाट घ्या की! तुमच्या दिरानं ओटा बांधला आपल्या कमरंच्या मापानं, मग मी काय रोज उडून भाकरी करायलेय व्हय?"