लोर्ना टीग गप्प बसली ती संध्याकाळ

ओक्लाहोमातल्या आमच्या टीचभर गावात लोर्ना टीगनं किती संसार मोडले आणि किती सांधले, हे तिलाही सांगता यायचं नाही. केस कापायचं दुकान होतं तिचं. तिच्या कात्रीखाली मान दिली की सल्ला फुकट. नवऱ्याला सोडू का, कुंपण कुणाच्या हद्दीत येतं, सासऱ्यानं मृत्युपत्रात काय लिहावं. कात्रीपेक्षा जीभ धारदार आणि दुप्पट वेगाची.

पन्नाशीनंतर गुडघ्यांनी संप केला. मग ती पर्सेल वकिलांच्या कचेरीत बसून करायच्या कामाला लागली आणि तिथं तिला पॅरालीगल व्हायची हुक्की आली. म्हणजे वकिलाचं निम्मं काम करायचं आणि वकील मात्र व्हायचं नाही. बाईनं अभ्यासाचा असा धडाका लावला की तिचा नवरा हॉइट कुंपणाशी येऊन माझ्याकडे रडगाणं गायचा. कॉफी मागितली तरी म्हणे ती पुरावा मागते.

पास झाली बया. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. त्याच दिवशी पर्सेलसाहेबांनी तिला समोर बसवून बजावलं की पॅरालीगलनं कायद्याचा सल्ला द्यायचा नाही. कचेरीत नाही, रस्त्यात नाही, चर्चच्या जेवणात तर नाहीच. कुणी तक्रार केली तर प्रमाणपत्रही जाईल आणि नोकरीही.

कोंबड्याला आरवू नकोस म्हणण्यातलाच प्रकार. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये तिच्या कौतुकाचं जेवण होतं. मी मुद्दाम मर्ल स्ट्राउडला तिच्या शेजारी बसवलं आणि त्याच्या मेहुण्यानं पळवलेल्या होडीचा विषय काढून दिला. मर्ल सुरू झाला. लोर्नाचे कान लाल झाले. तिनं तोंडात बटाट्याचं सॅलड कोंबलं.

"होडी कुणाची गं मग?" मी साळसूदपणे विचारलं.

तिनं माझ्याकडे जसं पाहिलं, तसं पूर्वी पाहिलं होतं तेव्हा माझे केस वाकडे कापले गेले होते. मग तळलेल्या कोंबडीची तंगडी तोंडात. मी कुंपणाचा विषय काढला, तर वर पाव. हॉइट म्हणाला, लग्नानंतर एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकतोय.

तेवढ्यात मिस ओडेसा क्लेम काठी टेकत आल्या आणि आमच्या टेबलाशी बसल्या. एकट्या राहतात. पुतण्यानं कसलेसे कागद आणलेत, उद्या सकाळी सही केली की घर त्याच्या नावावर होईल, मग तो आपली काळजी घेईल, असं त्या भाबडेपणानं सांगू लागल्या. पुतण्याला गाव ओळखून आहे. माझ्या तोंडातला चावटपणा तिथंच विरला.

लोर्नानं उरलेला पाव ताटात ठेवला. प्रमाणपत्र एका बाजूला, म्हातारीचं घर दुसऱ्या.

ती उठली. "मिस ओडेसा, मी तुम्हाला काहीही सांगत नाहीये," ती दात आवळून म्हणाली. "मी फक्त तुमची खुर्ची हलवतेय."

आणि खरोखरच म्हातारीला दंडाला धरून, खुर्ची फरफटत तिनं हॉल ओलांडला आणि केकचा घास तोंडात धरून बसलेल्या पर्सेलसाहेबांच्या पुढ्यात खुर्ची मांडून तिला बसवलं. "साहेब, ह्यांना उद्या सही करायचीय. बोला."

साहेबांनी घास गिळला, दोन प्रश्न विचारले आणि केक बाजूला सारला. सही करू नका, सकाळी आधी कचेरीत या, असं ते स्पष्ट म्हणाले. म्हातारीनं मान डोलावली.

मग काय, मर्लनंही आपली खुर्ची उचलली. त्याच्यामागे कुंपणवाले, घटस्फोटवाले, कुत्रा चावलेले. हॉलभर खुर्च्या खरडण्याचा आवाज. लोर्ना कमरेवर हात ठेवून रांग लावत होती, पुढे सरका, धक्का नको, एका वेळी एकच भांडण.

गर्दीतून साहेबांचा हात तेवढा वर दिसला. "लोर्ना, ह्या लोकांना सांग ना घरी जायला."

"नाही हो साहेब," लोर्ना गोड हसून म्हणाली, "तो सल्ला होईल."