गवेकाकांचे पांढरे मोजे

गवेकाका कुवेतच्या भर उन्हाळ्यातही गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालत. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत ते आमचे फोरमन. रंग काळासावळा, खांदे दारात अडकतील असे, आणि खाली हे मोजे! गाव राधानगरीच्या जंगलाला लागून. कोणी हसलं की म्हणत, "आमच्याकडं गव्याचं पाय असंच पांढरं असत्यात. देवानंच घातल्यात मोजे, मी कोण काढणार?"

आमच्या मराठी मंडळाच्या सहलीत ते तपकिरी ब्लँकेट पांघरून फुरफुरत पोरांमागे धावत. एरवी इंग्रजीतच उत्तरं देणारी आमची पोरं तेव्हा "गवा आला, पळा!" असं अस्सल मराठीत किंचाळायची. त्यांना मराठी बोलायला लावणं मला आजतागायत जमलेलं नाही.

एकदा रिफायनरीत एक कॅनेडियन इंजिनियर आला. त्याच्या प्रांताच्या झेंड्यावर बायसन होता, म्हणजे तिकडच्या माळरानातला गव्याचा केसाळ भाऊबंद. त्याच्याच पूर्वजांनी तो मारून मारून जवळपास संपवला, हेही त्याने सांगितलं. परतताना बसमध्ये काका म्हणाले, "त्यांनी आधी मारला, मग झेंड्यावर लावला. आपला जिता हाय तवर लावूया की!"

तेव्हापासून एकच ध्यास: निवृत्त होऊन गावी जाण्याआधी मंडळाच्या झेंड्यावर गवा आला पाहिजे. सभेत रण माजलं. पुणेकर अध्यक्षांना समईच सुसंस्कृत वाटत होती. फरवानियात कपड्यांचं दुकान चालवणारे राजापूरचे हमीदभाई तर उसळलेच. "माझं भात तुडवलंन त्याने, नि त्यालाच झेंड्यावर चढवू?"

"माझा ऊस खाल्लाय की त्यानं," काका म्हणाले. "म्हणून काय परका झाला?"

हशा पिकला, पण हात वर झाले ते समईसाठी. काकांनी हसतमुखाने सगळ्यांना चहा दिला. मोजे मात्र घसरले होते, ते त्यांनी वर ओढले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

त्यांच्या निरोपाला आम्ही विमानतळावर जमलो. काका ट्रॉली ढकलत आले आणि थबकले. हमीदभाईंनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. खाली पांढरेशुभ्र मोजे. शेजारी पोरंटोरं, मी, आणि कसनुसे हसणारे अध्यक्षसुद्धा. सगळ्यांच्या पायांत हमीदभाईंच्याच दुकानातले मोजे.

काका एकेका पायाकडे बघत गेले. डोळे भरून आले आणि मग ते सहलीतल्यासारखे जोरात फुरफुरले. पोरं किंचाळत पळाली. सुरक्षारक्षक धावत आला, तेव्हा काका त्याला ऐटीत म्हणाले, "कुछ नहीं, भाई. ये मेरा कळप है."